२५ मिनिटांची बैठक आणि ५ मिनिटांचा विसावा: सहा माणसांच्या छापखान्यात हे बसवावे कसे?

खिळेमांडणी (सातारा) यांचा प्रश्न:

नमस्कार. साताऱ्यात आमचा छोटा छापखाना आहे. वडिलांच्या काळात खिळे जुळवून ट्रेडलवर छपाई होत असे. आता एक मिनी ऑफसेट (छोटे छपाईयंत्र), एक कटिंग मशीन, एक डिजिटल प्रिंटर आणि डीटीपीची, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवण्याची, दोन टेबले एवढा पसारा आहे. डीटीपीवर दोघे, मशीनवर एक, कटिंग-बाइंडिंगला एक, काउंटरवर एक आणि सहावा मी, म्हणजे जिथे माणूस कमी पडेल तिथे उभा राहणारा. लग्नपत्रिका, बिलबुके, पावतीपुस्तके, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि निवडणुका लागल्या की पत्रके, हे आमचे मुख्य काम.

गेल्या लग्नसराईत एका पत्रिकेवर मुहूर्त दुपारी १२ वाजून ५३ मिनिटांऐवजी १२ वाजून ३५ मिनिटे असा छापला गेला. पक्षाकडून दुरुस्त्यांसह प्रूफ, म्हणजे तपासणीची प्रत, परत आले होते आणि डीटीपीवरचा मुलगा त्या दुरुस्त्या करत होता. तेवढ्यात काउंटरकडून हाक आली, तो उठून गेला आणि परत आल्यावर उरलेली दुरुस्ती आपण केलीच आहे अशा समजुतीने त्याने फाइल छपाईच्या प्लेटसाठी पाठवून दिली. ४०० पत्रिका पदरच्या कागदावर पुन्हा छापून द्याव्या लागल्या. कागदाच्या पैशांपेक्षा त्या घरी आमचे नाव गेले याचे वाईट अधिक वाटले.

त्यानंतर मी पोमोडोरो या नावाने ओळखली जाणारी पद्धत दुकानात सुरू केली: २५ मिनिटे एकच काम, मग ५ मिनिटे विसावा, आणि अशा चार बैठका झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. मोबाइल स्पीकरला जोडून घंटा लावली आणि ती सगळ्यांनी पाळायची असे ठरवले. पहिल्या आठवड्यात डीटीपीचे काम खरोखरच सुधारले. दुसऱ्या आठवड्यात मशीनवाल्या काकांनी घंटेकडे पाहणे सोडून दिले, कारण चालू मशीन मध्येच थांबवले की शाई आणि पाणी यांचा तोल बिघडतो आणि पुन्हा रंग जमेपर्यंत कागद वाया जातो. काउंटरवर तर घंटेला काही अर्थच नव्हता. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला पाच मिनिटे थांबा, माझा विसावा चालू आहे, असे कोण सांगणार? आता दोन महिने झाले. घंटा वाजते, पण ती कोणी ऐकत नाही, मीसुद्धा.

माझे प्रश्न असे आहेत. संपूर्ण दुकानाला एकच वेळापत्रक लावणे मुळातच चुकीचे होते का? २५ मिनिटांचा आकडा बदलावा का? आणि ज्यांच्या दुकानात माणसे मोजकी आणि गिऱ्हाइकांची ये-जा सतत असते, त्यांनी हे कसे जमवले आहे? घरून एकट्याने संगणकावर काम करणाऱ्यांचे अनुभव मी पुष्कळ वाचले. मला दुकान चालवणाऱ्यांचे ऐकायचे आहे.


गुरुवारची सुट्टी (भोसरी) यांचे उत्तर:

आमचे वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी (संगणकाने चालणारी मिलिंग यंत्रे) आणि एक जुना लेथ. आपल्या मशीनवाल्या काकांनी घंटा ऐकणे सोडले हे योग्यच केले, असे मला वाटते. मी स्वतः हाच प्रयोग ऑपरेटरवर केला होता आणि चार दिवसांत गुंडाळला होता, त्यामुळे शहाणपण शिकवण्याचा अधिकार मला नाही. पण त्यातून जे कळले ते सांगतो.

यंत्रावरच्या कामाचे दोन वेगळे भाग असतात आणि त्या दोन्हींना एकच नियम लावता येत नाही. पहिला भाग सेटिंगचा: जॉब बांधणे, डायल लावून तो सरळ करणे, टूलच्या मापांचे ऑफसेट यंत्रात भरणे, पहिला नग काढून मोजणे. दुसरा भाग नग निघण्याचा, ज्यात यंत्र स्वतःच्या गतीने चालते आणि माणूस लक्ष ठेवतो. सेटिंग चालू असताना माणसाला हाक मारणे म्हणजे टूल आपटण्याला निमंत्रण देणे आहे, आणि नग निघत असताना त्याला बोलण्याने फारसे बिघडत नाही. आपल्याकडेही प्लेट चढवणे, रजिस्टर जुळवणे (रंग एकमेकांवर नेमके बसवणे) आणि पहिले ३०-४० कागद काढून रंग पाहणे हे सेटिंगच झाले. तेवढा वेळ, मग तो २० मिनिटे असो वा ५०, त्या माणसाला कोणीही काही विचारायचे नाही, फोन असेल तर दुसऱ्याने घ्यायचा, एवढा एकच नियम मशीनसाठी पुरेसा आहे. विसावा कधी, हे घड्याळाने ठरवू नये. एक जॉब उतरून दुसरी प्लेट चढण्याच्या आधीची जागा ही त्या कामातली नैसर्गिक फट आहे. तिथेच चहा ठेवावा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यासारख्या मालकांनी विसरू नये. डीटीपीवरच्या पाच मिनिटांच्या विसाव्याला आपण उत्पादकतेची युक्ती म्हणत असलो, तरी मशीनवर उभ्या असलेल्या माणसाची विश्रांती ही युक्ती नाही, तो त्याचा हक्क आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातच सलग पाच तासांहून अधिक काम नको आणि मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असे लिहिलेले होते. त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धात, ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यासाठी १९१५ साली एक समिती नेमली गेली होती, आणि तिच्यासाठी केलेल्या पाहण्यांतून असे दिसले की कामाचे तास कमी केल्यावर उत्पादन घटतेच असे नाही, काही ठिकाणी ते वाढते. तेव्हा तोफगोळे लवकर हवे होते म्हणून सरकारने विश्रांतीचा विचार केला, हा इतिहास जरा विचित्र आहे. पण निष्कर्ष आपल्याही कामाचा आहे. सहा माणसांच्या दुकानाला तो कायदा लागू होतो की नाही, हा वेगळा भाग. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी आणि अकराचा व चारचा चहा यांच्याऐवजी पाच-पाच मिनिटांचे विसावे देऊ नका, एवढेच म्हणणे आहे.

आमच्या भागात औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी वर्कशॉप बंद असते, पण मी दोन तास एकटा येतो आणि आठवड्याच्या जॉबांचा क्रम, कोटेशने आणि टूलची यादी उरकतो. घड्याळ लावून बैठका करण्याची पद्धत मला फक्त तिथे उपयोगी पडली, कारण तिथे मला अडवणारा मीच असतो.


भाजणी (डोंबिवली) यांचे उत्तर:

दादा, तुमचा प्रश्न वाचून मला आमच्या स्वयंपाकघराची आठवण झाली. आम्ही चौघी मिळून चकली, कडबोळी, शंकरपाळे आणि दिवाळीत संपूर्ण फराळ करून देतो. आमच्याकडे वेळ मोजण्याचे माप मिनिट नाही, घाणा आहे. कढईत एका वेळी बसतील तेवढ्या चकल्या म्हणजे एक घाणा. तेल तापलेले असताना आणि भाजणी मळून तयार असताना घंटा वाजली म्हणून कोणी सोऱ्या खाली ठेवणार नाही. मळलेले पीठ पडून राहिले की कोरडे पडते, चकलीचे तुकडे पडू लागतात, आणि पुन्हा पाण्याचा हात लावून मळायला बसले की आधीच्या घाण्याची चव आणि आताची चव सारखी राहत नाही. म्हणून पीठसुद्धा आम्ही एकदम मळत नाही, सहा-सात घाण्यांपुरतेच मळतो. ते संपले की गॅस बारीक करायचा, सगळ्यांनी उठायचे, बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसायचे. त्याला किती मिनिटे लागतात हे आम्ही मोजले नव्हते. तुमचा प्रश्न वाचून काल मोजले, तर पीठ संपायला ४० मिनिटे लागली आणि बसणे १० मिनिटांचे झाले. म्हणजे तुम्ही ज्याला पद्धत म्हणता ती आम्ही आधीपासूनच पाळत होतो, फक्त तिचे माप पिठाच्या गोळ्यात होते.

परंतु खरी अडचण कढईपाशी नव्हतीच, ती फोनपाशी होती. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात आणि पीठ भरलेल्या हाताने उत्तर देता येत नाही, म्हणून मी डाव्या हाताच्या करंगळीने उत्तरे देत असे, हे सांगताना आता हसू येते. एका दिवाळीत त्या गडबडीत अर्धा किलोच्या ऐवजी पाव किलोची पाकिटे भरली गेली आणि ती घरोघरी पोहोचल्यावर आम्हाला कळले. तेव्हापासून व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा संदेश लावून ठेवला आहे: "आपला निरोप मिळाला. दुपारी १२ ते १२.३० आणि सायंकाळी ५ ते ५.३० या वेळेत आपल्याला उत्तर मिळेल." गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती मलाही होती. काही गेलीही असतील. पण ज्यांना उत्तर कधी येणार हे माहीत असते, ती माणसे शांतपणे थांबतात, हा माझा अनुभव आहे. चिडतात ती, ज्यांना काहीच कळत नाही ती.

वजन करणे, पाकीट बंद करणे आणि त्यावर तारखेची चिठ्ठी लावणे हे काम मात्र आम्ही आता घड्याळ लावून करतो, तेही २० मिनिटेच. त्या वेळात गप्पा बंद, रेडिओ बंद. हे काम सोपे आहे म्हणूनच त्यात चुका होतात, हात चालू राहतात आणि मन घरी जाते. २० मिनिटांनंतर जागा बदलतो, वजनावर बसलेली पाकीट बंद करते आणि पाकीट बंद करणारी वजनावर बसते. तुमच्या बाइंडिंगमध्ये बिलबुकांचे क्रमांक जुळवण्याचे काम असेल तर तिथे हे करून पाहा. सगळ्या दुकानाला घंटा लावण्यापेक्षा, कोणत्या कामात मन भरकटते ते शोधा आणि तेवढ्यालाच लावा.


ऱ्हस्वदीर्घ (पुणे) यांचे उत्तर:

मी मालक नाही. गेली अकरा वर्षे एका छापखान्यात डीटीपीच्या टेबलावर बसतो, तेव्हा माझे म्हणणे दुसऱ्या बाजूचे आहे, आणि ते स्पष्ट शब्दांत मांडले तर प्रश्नकर्त्यांनी राग मानू नये.

आमच्याकडेही मालकांनी असा प्रयोग केला होता. पहिल्या चार-पाच दिवसांत कामात पडलेला फरक मलाही जाणवला. त्यानंतर मात्र त्या घंटेचा अर्थ बदलत गेला. विसाव्याची पाच मिनिटे सुरू झाली की काउंटरवरून हमखास हाक येई, कारण "आता मोकळाच आहेस ना, जरा हे व्हिजिटिंग कार्ड बघ." म्हणजे आधी जे लोक केव्हाही हाक मारत, ते आता घंटा वाजण्याची वाट पाहून हाक मारू लागले. बैठक अखंड राहिली, विसावा मात्र संपला. दिवसभरात जेवण सोडून एकही क्षण असा उरला नाही की जेव्हा डोळे पडद्यावरून हलतील. महिन्याभराने मी ठरवून संथ काम करू लागलो, हे आज कबूल करतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की विसाव्याची राखण बैठकीइतकीच कडक झाली पाहिजे. विसाव्यात माणूस टेबलापाशी दिसताच कामा नये. त्याने बाहेर जावे, झाडाकडे पाहावे, रस्त्यावरची रिक्षा मोजावी, काहीही करावे. टेबलावर बसून मोबाइल पाहणे हा डोळ्यांचा विसावा नव्हे, हे मात्र आम्हा कामगारांनी स्वतःलाच सांगायला हवे.

दुसरी गोष्ट प्रूफाची. मुहूर्ताच्या आकड्यांची जी चूक आपण सांगितली, ती २५ मिनिटांच्या घंटेनेही टळली नसती, जर दुरुस्त्यांचा कागद अर्धा झालेला असताना घंटा वाजली असती. दुरुस्तीचे काम अर्ध्यावर थांबवण्याजोगे नसते. मी स्वतः असे करतो की प्रूफावरची प्रत्येक दुरुस्ती संगणकावर झाली की कागदावर तिच्यावर हिरव्या पेनाने आडवी रेघ मारतो, आणि शेवटची रेघ मारून झाल्यावर नावे, तारीख, वार, मुहूर्त, स्थळ एवढे पाच मुद्दे मोठ्याने वाचतो. तारीख आणि वार यांचा मेळ पंचांगात पाहतो. हे होईपर्यंत उठत नाही. आग लागली तर गोष्ट वेगळी. मध्येच उठावेच लागले तर कुठवर आलो ते त्या हिरव्या रेघा सांगतात. घड्याळापेक्षा या रेघांनी मला अधिक वेळा वाचवले आहे.

आता एक प्रश्न विचारतो. आपण लिहिले आहे की तो मुलगा काम करत असताना "काउंटरकडून हाक आली." ती हाक कोणी मारली होती? माझा अनुभव असा आहे की छोट्या दुकानात गिऱ्हाइके माणसाला जितक्या वेळा उठवतात, त्याहून अधिक वेळा मालक उठवतो, आणि प्रत्येक वेळी ते "एकच मिनिट" असते. आपण एक आठवडा फक्त एवढेच मोजून पाहा, की कोण कोणाला किती वेळा उठवतो. घंटा तोवर बंद ठेवा.


ताळेबंद (कोल्हापूर) यांचे उत्तर:

मी कर सल्लागार आहे, कार्यालयात आम्ही तिघे. ऱ्हस्वदीर्घ यांनी मोजण्याविषयी जे लिहिले आहे, ते मूळ पद्धतीतच आहे, पण बहुतेक जण फक्त २५ आणि ५ हे आकडे उचलतात आणि तो भाग सोडून देतात. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन गृहस्थांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, अभ्यासात लक्ष लागेना म्हणून स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून ही पद्धत सुरू केली. पोमोडोरो म्हणजे इटालियन भाषेत टोमॅटो. त्यांच्या पद्धतीत बैठक मोडली की ती मोडलीच, अर्धी बैठक मोजायची नाही. त्याखेरीज कागदावर दोन खुणा करायच्या असतात: आपलेच मन दुसरीकडे गेले तर एक खूण, बाहेरच्या कोणी अडवले तर दुसरी. अडवणाऱ्याला नकार द्यायचा नसतो. मी कामात आहे असे सांगायचे, किती वेळाने चालेल ते ठरवायचे, कागदावर टिपायचे आणि ठरल्याप्रमाणे आपण होऊन त्याच्याकडे जायचे. यातली शेवटची पायरी चुकली की पुढच्या वेळी तो माणूस थांबत नाही, म्हणून खरा कस तिथेच लागतो.

अडवणुकीची किंमत किती असते, यावर अभ्यासही झाले आहेत. सोफी लेरॉय यांनी २००९ साली असे दाखवले की एक काम अपुरे ठेवून दुसऱ्याकडे वळले, की लक्षाचा काही भाग पहिल्या कामापाशीच अडकून राहतो आणि दुसरे काम त्यामुळे कच्चे होते. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात तर उलटेच काही दिसले: वारंवार अडवलेली माणसे काम अधिक वेगाने उरकतात, पण त्यांच्यावरचा ताण आणि वैताग वाढतो. दुकानदाराला याचा धोका असा की बाहेरून पाहताना काम भराभर होते आहे असेच दिसते. माझ्या कार्यालयात तेच होत असे. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची तारीख ११, जीएसटीआर-३बी ची २०, आणि त्या आधीचे दोन दिवस सगळे जण वाऱ्यावर स्वार झालेले असत. चुका मात्र पुढच्या महिन्यात, जुळवणी करताना, एकेक करून वर येत.

आपण २५ हा आकडा बदलावा का असे विचारले आहे. मी ५० मिनिटे काम आणि १० मिनिटे विश्रांती असे ठेवले आहे, कारण एका पक्षकाराची खरेदी-विक्रीची बिले पोर्टलवरच्या नोंदींशी ताडून पाहायला तेवढा वेळ लागतो आणि मध्ये थांबले की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात होते. गंमत म्हणून सांगतो, आपण पत्रिका छापता म्हणून विशेष: आपली घटका २४ मिनिटांची असते, अहोरात्रीत साठ घटका, आणि दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. तळाला भोक असलेले घटिकापात्र पाण्यावर ठेवले की घटकेने बुडत असे. या टोमॅटोच्या पद्धतीविषयी ऐकले तेव्हा आमच्या वडिलांची पहिली प्रतिक्रिया "घटकाच की ही" अशी होती. मात्र पूर्वजांनी हे सगळे आधीच शोधले होते, असे मी म्हणणार नाही. ते पात्र काळ मोजण्यासाठी होते, लक्ष राखण्यासाठी नव्हे.

छोट्या व्यवसायाला या पद्धतीचा जो सर्वांत मोठा लाभ आहे, त्याविषयी मात्र इथे अजून कोणी बोललेले नाही, आणि तो म्हणजे दर ठरवणे. आपल्या व्यवसायात "छपाई आमच्याकडे करा, डिझाइन मोफत" असे म्हणण्याची पद्धत आहे. समजा, डीटीपीवरच्या माणसाचा पगार महिना १८,००० रुपये आहे, महिन्यात २६ दिवस काम होते आणि खऱ्या अर्थाने अखंड अशा बैठका दिवसाला आठच होतात. (अधिक होतात असे वाटत असेल तर मोजून पाहा, मी पैज लावतो.) महिन्याला २०८ बैठका झाल्या, म्हणजे नुसत्या पगाराचा भार दर बैठकीला सुमारे ८७ रुपये, त्यात वीज, भाडे आणि संगणकाची घसारा रक्कम धरलेली नाही. एका पत्रिकेला रचना आणि तीन वेळच्या दुरुस्त्या मिळून चार बैठका लागत असतील, तर ते मोफत डिझाइन आपल्याला साडेतीनशे रुपयांना पडते, आणि पक्षाने पाचव्यांदा फोटो बदलायला सांगितला की आणखी. हा हिशेब हाती असला की दुसऱ्या प्रूफानंतरच्या दुरुस्तीला पैसे मागताना जीभ अडखळत नाही. बैठका मोजल्याने माणसे वेगाने काम करू लागतील अशी आशा ठेवू नका. कोणते काम किती खाते, ते कळेल, आणि ते पुष्कळ आहे.


खिळेमांडणी यांचे पुन्हा उत्तर, तीन आठवड्यांनी:

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर केला, कारण आधी मोजायचे ठरवले होते.

ऱ्हस्वदीर्घ यांच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो. ती हाक मी मारली होती. एका ओळखीच्या गृहस्थांना फ्लेक्सचा दर हवा होता, तो मला तोंडपाठ नव्हता आणि मुलाला होता. हे मला प्रश्न लिहितानाही माहीत होते, पण लिहिताना वाक्य आपोआपच तसे झाले.

घंटा बंद करून डीटीपीच्या दोन्ही टेबलांवर एकेक कागद ठेवला आणि उठावे लागले की त्यावर खूण करायला सांगितले. पहिल्या आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस शनिवारचा होता: एका टेबलावर ४१ खुणा. त्यांपैकी फोनच्या १२, गिऱ्हाइकांच्या ९, मशीन किंवा कटिंगकडून काही विचारायला आल्याच्या ५, आणि उरलेल्या १५ माझ्या. त्या १५ पैकी निम्म्याहून अधिक वेळा मी फक्त दर विचारले होते. कागद, आकार, नग आणि लॅमिनेशन यांनुसार दरांचे एक कोष्टक करून काउंटरच्या काचेखाली ठेवले, त्याला एक रविवार पुरला. हे काम मी चार वर्षे पुढे ढकलत होतो.

मशीनला आता घड्याळ नाही. प्लेट चढवल्यापासून रंग पास होईपर्यंत काका मशीनच्या दांडीवर लाल फडके अडकवतात आणि ते दिसले की कोणी तिकडे जात नाही. ही कल्पना त्यांचीच. डीटीपीवर सकाळी १०.३० ते १२.३० आणि दुपारी ३ ते ४.३० या वेळा फक्त प्रूफ आणि दुरुस्त्यांसाठी ठेवल्या आहेत. दोघांपैकी एकाच्या बैठका चालू असताना दुसरा डिजिटल प्रिंट आणि काउंटरच्या चौकशा सांभाळतो, आणि आठवड्याने अदलाबदल होते. २५ मिनिटे की ५० हे मी त्यांच्यावरच सोपवले. एकाने २५ ठेवली, दुसरा म्हणाला, एक पत्रिका म्हणजे एक बैठक. विसाव्यासाठी मागच्या दाराबाहेर एक बाक टाकला आहे. हिरवे पेन दोघांनाही दिले.

भाजणीताईंच्या सांगण्यावरून बिलबुकांचे क्रमांक तपासताना २० मिनिटांचे घड्याळ लावतो. तिथे पहिल्याच दिवशी एका पुस्तकात एकच क्रमांक दोनदा आलेला सापडला. आधी किती पुस्तके तशीच गेली असतील, याचा विचार मी करत नाही.

ताळेबंद यांचा हिशेब मात्र अजून जमलेला नाही. दिवसाला आठ बैठकांची पैज आपण जिंकलात. आमच्याकडे सरासरी साडेसहा भरल्या. दुसऱ्या प्रूफानंतरच्या दुरुस्तीला १०० रुपये, अशी पाटी तयार करून ठेवली आहे, पण ती लावायचा धीर अजून झालेला नाही. समोरच्या गल्लीतला छापखाना कितीही वेळा दुरुस्त्या मोफत करून देतो, आणि अक्षय्य तृतीयेच्या पत्रिकांची कामे आता सुरू होतील. कोणी अशी पाटी लावली असेल तर गिऱ्हाइकांना पहिल्या महिन्यात काय सांगितले, ते जरूर कळवावे.